ट्यूब पाठीवर, जाऊ गच्चीवर

गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या त्या बाईचं तोंड फटकळ आहे, हे साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं. तरी गिऱ्हाइकं तिच्याकडेच यायची, कारण तिची शिवण उसवत नसे. कुणी घाई केली की ती मशीन थांबवायची, चष्मा कपाळावर चढवायची आणि म्हणायची, "घाई असेल तर उभ्यानेच गाडी चालवा." नवरा तिच्या अगदी उलट. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि घरीही घासल्यासारखाच गुळगुळीत वागायचा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

ट्यूब तिच्याकडे आली ती अशीच, न मागता. एका गिऱ्हाइकाने ट्रकच्या चाकाची जुनी ट्यूब आणून टाकली आणि तिच्यावर जाड कॅनव्हासचं कव्हर शिवायला सांगितलं. मध्ये पट्ट्यांची बैठक, पाय खाली सोडायला दोन भोकं, पाठीला टेकू, बाजूंना खिसे. अशा ट्यूबमध्ये बसायचं, पायांत बदकासारखे रबरी पंजे घालायचे, पाय मारत तलावात दूरवर जायचं आणि तिथे गळ टाकायचा, असा त्याचा बेत होता. कव्हर शिवून झालं, पण गिऱ्हाईक काही फिरकलं नाही. ट्यूब दुकानाच्या माळ्यावर महिनोन् महिने पडून राहिली. शेवटी एका सुट्टीच्या सकाळी तिने नवऱ्याची जुनी पँट चढवली, ट्यूब फुगवली आणि आपण शिवलंय तरी काय ते बघायला पाण्यात उतरली.

त्या सकाळी तिला मासा लागला नाही. पण आठवडाभर ड्रायव्हरांची, मालकांची, त्यांच्या बायकांची तोंडं ऐकून किटलेल्या तिच्या कानांना पाण्याच्या मध्यावर पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. त्यानंतर तिची एक सुट्टी चुकली नाही. मासे पुढे लागायला लागले, तो वरचा फायदा.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. सासू गेल्यावर दोघा भावांनी ते वाटून घेतलं. रस्त्याकडची बाजू धाकट्याला, म्हणजे तिच्या नवऱ्याला आली आणि तलावाकडची थोरल्याला. मध्ये एक बोळ होता. बोळाच्या टोकाला लोखंडी फाटक, फाटकाबाहेर पायवाट आणि पायवाटेला लागून पाणी. बोळ आणि फाटक थोरल्याच्या वाटणीत गेले होते, पण जाण्या-येण्याला कुणाची ना नव्हती.

थोरला दीर गाडी शिकवण्याच्या शाळेत मास्तर होता. जन्मभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून त्याने दिवस काढले होते. निवृत्त झाल्यावरही तो तसाच बसायचा, कुणीतरी आता चूक करणार या तयारीने. त्यालाही गळ टाकण्याचा नाद होता, पण काठावरून. ट्यूब हा त्याच्या मते पोरखेळ होता. जाऊबाईंना नाद एकच, स्वच्छतेचा. बोळातली फरशी त्या अशा पुसायच्या की तिच्यावरून चालताना माणसाला आपल्या चपलांची लाज वाटावी.

आणि त्याच फरशीवरून सुट्टीच्या दिवशी ओली, शेवाळ लागलेली, मासळीचा वास मारणारी ट्यूब परत यायची. जाऊबाई आधी नाक मुरडायच्या, मग पुटपुटायला लागल्या, मग ट्यूब आली की मुद्दाम बादली आपटायला लागल्या. एकदा बोळात दोरीवर धुतलेल्या चादरी वाळत होत्या. ट्यूबचा शेवाळी काठ एका पांढऱ्या चादरीला या टोकापासून त्या टोकापर्यंत घासत गेला.

"अगं, माणसं राहतात इथे," जाऊबाई म्हणाल्या. "या वासाने एक दिवस घर सोडून जावं लागेल."

तिने चादरीकडे पाहिलं. चूक आपली आहे हे तिला दिसत होतं आणि म्हणूनच तिचं डोकं आणखी तापलं. "तुमच्या मुलाने सोडलं की घर," ती म्हणाली. "तेव्हा कुठे मासे होते? तो तुमच्या फिनाईलच्या वासाने पळाला."

मुलगा दुसऱ्या शहरात गेला होता आणि हळूहळू त्याने फोन करणंही बंद केलं होतं. या गोष्टीबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे. जाऊबाईंनी चादर ओली होती तशीच दोरीवरून काढली, नीट घडी घातली आणि त्या आत गेल्या. संध्याकाळी फाटकाला कुलूप लागलं. फाटक माझ्या वाट्याचं आहे, एवढंच मास्तर भावाला म्हणाला. धाकट्याने मान हलवली. त्याला सगळ्यांचंच पटायचं.

त्या दिवसापासून दोघी जावा एकमेकींना पाण्यात पाहायला लागल्या. एकीला तर खरंच पाण्यातच पाहावं लागायचं, कारण जाऊबाईंच्या गच्चीवरून एका बाजूला रस्ता दिसायचा आणि दुसऱ्या बाजूला सगळा तलाव.

फाटक बंद म्हणजे आता लांबचा रस्ता. पुढच्या दाराने निघायचं, गॅरेजांच्या रांगेसमोरून जायचं, नाल्यावरचा अरुंद पादचारी पूल ओलांडायचा, पायऱ्यांनी बांधावर चढायचं, वाऱ्यात बांधावरून चालायचं आणि मग दगडी उतारावरून पाण्यापाशी. रिकाम्या हाताने जायलाही दम लागावा असा रस्ता, आणि तिच्याबरोबर माणसाच्या मिठीत न मावणारी ट्यूब, पंजे, गळाची काठी आणि बादली. नवरा म्हणाला, "एकदा वहिनीला सॉरी म्हण, विषय संपव." ती म्हणाली, तू घासत बस काचा.

पहिल्यांदा तिने ट्यूब चाकासारखी रस्त्यावरून ढकलत नेली. पण पाठीचा टेकू आणि खिसे शिवल्यावर ट्यूब गोल कुठे राहते? ती दर फेऱ्याला एकदा उडी मारायची. गॅरेजांपाशी उताराला लागताच हातातून सुटली, उभ्या स्कूटरला धडकून आडवी झाली आणि तिथल्या पत्र्याच्या कातरणाने तिला भोक पडलं. हवा जाताना जो आवाज झाला त्यावर अख्खी गॅरेजं हसली. हवा गेलेली ट्यूब खांद्यावर टाकून ती घरी आली, तेव्हा गच्चीवरून जाऊबाई शेजारणीला मोठ्याने सांगत होत्या, आज लवकर परतली वाटतं मंडळी.

मग नवऱ्याने सुचवलं की ट्यूब फुगवायचीच नाही, घडी करून न्यायची आणि पाण्यापाशी फुगवायची. त्याने पायाने मारायचा पंपही आणला. ट्रकची ट्यूब पायपंपाने फुगवणं म्हणजे काय ते तिला त्या सकाळी कळलं. ऊन डोक्यावर आलं, मांड्या भरून आल्या आणि ट्यूब अजून उकडलेल्या वांग्यासारखीच होती. त्यात व्हॉल्व्हची बारीक सुई गवतात पडली ती सापडलीच नाही. घरी येऊन तिने नवऱ्याला जे सुनावलं ते त्याने चष्मा पुसत ऐकून घेतलं.

डोक्यावर नेऊन पाहिली, तर समोरचं काही दिसेना आणि बांधावर वाऱ्याने मान मुरगळली. त्यानंतर तिने ट्यूबला दोन पट्टे लावले, बैठकीच्या दोन भोकांतून पाय खाली सोडून उभी राहिली आणि पट्टे खांद्यांवर घेऊन ट्यूब कमरेभोवती घेर असलेल्या झग्यासारखी घालून निघाली. ही युक्ती बरी होती. हात मोकळे, नजर मोकळी. मात्र रुंदी एवढी की शेजारून मांजरही जाऊ नये.

पुलावर नेमका समोरून मास्तर आला. बांधाखाली गळ टाकून, दुकानातून काही घ्यायचं म्हणून तो आज रस्त्याने परतत होता. हातात गळाची काठी, तोंडावर रोजची आठी. पुलाच्या मध्यावर दोघं समोरासमोर थांबले. तिच्यामागे दूधवाला सायकल घेऊन उभा राहिला, त्याच्यामागे आणखी काही माणसं. मास्तरच्या मागे कुणीच नव्हतं.

"मागे घे," मास्तर म्हणाला.

"तुम्ही घ्या. जन्मभर लोकांना शिकवलंत, आज स्वतः घेऊन दाखवा."

मास्तरच्या उजव्या पायाने नकळत जमिनीवर दाब दिला, ब्रेकवर द्यावा तसा. मागून दूधवाला म्हणाला, मास्तर, तुमच्या मागे रिकामं आहे. नियम नियमच. मास्तर वळला आणि पुलाच्या टोकापर्यंत परत चालत गेला. ती मागोमाग ट्यूब हलवत गेली. त्याच्याजवळून जाताना तिने आभार मानले नाहीत, आणि त्याने हे आठवणीत ठेवलं. ही गोष्ट रस्त्याभर पसरली. तिला मजा वाटली, पण पुन्हा त्या तऱ्हेने जायची सोय राहिली नाही. पुढच्या वेळी मास्तर दोघा मित्रांना सोबत घेऊन पुलावर उभा होता.

मग चाकांची गोष्ट झाली, आणि ती वाईट झाली.

गॅरेजांच्या मागे भंगारवाला होता. त्याच्याकडे तिला लहान मुलाची एक बाबागाडी दिसली. निळी, एका बाजूचा रंग उडालेली. ती कुणाची हे तिने ओळखलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा जाऊबाईंचा मुलगा याच गाडीत बसून बोळातून फिरायचा आणि कित्येकदा तिनेच ती ढकलली होती. जाऊबाईंनी ती कधी आणि का विकली ते तिला माहीत नव्हतं. ती घेऊ नये असं तिच्या मनात आलंही. पण चाकं भक्कम होती, आणि शिवाय जाऊबाईंनी ती बघावी असंही मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात होतंच. तिने वरची टोपी काढून टाकली, चौकटीवर फळी बांधली, तिच्यावर ट्यूब आडवी ठेवली आणि सुट्टीच्या दिवशी पुढच्या दाराने निघाली.

गॅरेजांपर्यंतही पोचली नाही. जाऊबाई गच्चीवरून उतरून अनवाणी रस्त्यावर आल्या होत्या. ज्या बाईचे पाय कधी धुळीला लागले नाहीत ती बाई.

"परत कर ती," त्या म्हणाल्या.

"भंगारातून आणलीय मी."

"तुला कळलं नाही कुणाची आहे ते?"

"कळलं."

जाऊबाईंनी दांडा धरला. तिने सोडला नाही. दोन प्रौढ बायका भर रस्त्यात बाबागाडी ओढत होत्या आणि गॅरेजमधलं काम थांबलं होतं. या वेळी मात्र कुणी हसलं नाही. गाडीचा दांडा वाकला तेव्हा जाऊबाईंनीच हात सोडला. त्यांना धाप लागली होती. "तू माणूस नाहीस," असं त्या अगदी हळू म्हणाल्या आणि घरात गेल्या.

ती ट्यूब घेऊन तशीच परतली. दुपारी नवऱ्याने तिला न विचारता चौकटीवरची फळी सोडवली, वाकलेला दांडा ठोकून सरळ केला आणि बाबागाडी जाऊबाईंच्या दारात नेऊन ठेवली. ती बघत होती. तिने अडवलं नाही. त्या रात्री तो जेवताना म्हणाला, "तू तिला मुलाबद्दल जे बोललीस ते मला आजही आठवलं की घास उतरत नाही." एवढं लांब वाक्य तो एरवी बोलत नसे. ती म्हणाली, मग पाणी पी. पण तिचंही जेवण ताटात तसंच राहिलं.

यानंतर कुणी शहाणा माणूस थांबला असता. तिने उलट ईर्ष्येने शिवायला घेतलं. मोडक्या घडीच्या खुर्चीची ॲल्युमिनियमची चौकट कापून पाठीला लागेल अशी केली, कमरेपाशी जुन्या हेडरेस्टचा फोम बसवला. खांद्यांसाठी मोडीत निघालेल्या गाड्यांचे सीटबेल्ट घेतले आणि पोटावर त्यांचंच बटणाचं कुलूप लावलं. वर ट्यूब उभी बांधायची, पंजे तिच्या भोकात अडकवायचे, काठी बाजूच्या लुपात, बादली खाली हुकाला. सगळा भार कमरेवर आला, खांद्यांवर नाही. कुलूप टकदिशी लागलं तेव्हा ती दुकानात एकटीच हसली.

रस्त्यावर तिला लगेच नाव पडलं. कासव. गॅरेजातली पोरं, दूधवाला, पुलावरचे म्हातारे, सगळे कासवच म्हणायला लागले. तिला त्याचं काही वाटलं नाही. पुलावर ती आता आडवी होऊन सहज निसटायची आणि मास्तरचे मित्र बघत राहायचे. उन्हाळाभर ती अशी गेली आणि आली. गच्चीवरचं हसू बंद झालं होतं.

घात केला वाऱ्याने. त्या दिवशी बांधावर तो असा सुटला होता की काठावरचे बाकीचे गळवाले गाशा गुंडाळून गेले होते. मास्तर तेवढा खाली दगडावर बसून होता. ती उताराला लागली आणि पाठीवरच्या ट्यूबने शिडासारखा वारा धरला. एक पाय सुटला, मग दुसरा. दगडावर गुडघा आपटून ती सरळ पाण्यात गेली.

ट्यूब माणसाला तरंगवते, पण मध्ये बसलेल्या माणसाला. पाठीवर बांधलेली ट्यूब वर राहते आणि माणूस तिच्याखाली तोंड पाण्यात घालून लटकतो. हे तिने कधी मनात आणलं नव्हतं. तिने पोटावरचं बटण चाचपलं. पट्टे ताणले गेले होते, बादलीचा दोर त्यात गुंतला होता आणि बटण दाबलं जात नव्हतं. तिने लाथा झाडल्या, पण पायांना तळ लागेना. कानात पाण्याचा घुमणारा आवाज होता आणि तोंडात शेवाळ.

मग कुणीतरी तिच्या शर्टाची कॉलर धरली. खांद्यापाशी ताण एकदम सुटला, मग दुसऱ्या खांद्यापाशी, आणि ट्यूब चौकटीसकट वाऱ्याबरोबर निघून गेली. मास्तर छातीभर पाण्यात उभा होता, हातात मासे साफ करायची सुरी. त्याने तिला ओढत दगडावर आणलं. ती बराच वेळ खोकत राहिली.

"पट्टे कापायची काय गरज होती?" हे तिचे पहिले शब्द. "बटण होतं."

"मग दाबायचं होतंस."

"दाबतच होते."

"तुझी ट्यूब, तुझा पट्टा, तुझी मस्ती," मास्तर म्हणाला. थंडीने त्याचे दात वाजत होते. "तू मेली असतीस तर लोकांनी माझ्या फाटकाला नावं ठेवली असती. मी उतरलो तो त्यासाठी."

ते खरंही असावं. तिने मान खाली घातली आणि दुखरा गुडघा दाबत बसून राहिली. आयुष्यात कुणाचं देणं लागू नये म्हणून झटलेली बाई, आणि तिच्या डोक्यावर आता या माणसाचा उपकार बसला होता. तिला तेव्हा बुडण्यापेक्षा त्याचाच राग जास्त आला.

दुसऱ्या दिवशी फाटकाचं कुलूप निघालं. मास्तरने भावाला बोलावून सांगितलं की तिला या वाटेने जाऊ दे, फरशीचं बघून घेऊ. नवरा आनंदाने धावत दुकानात आला. तिने मशीनवरून मान वर केली नाही. कुलूप ज्यांनी लावलं त्यांनी काढलं, ती म्हणाली, त्यात आपलं काय? नवऱ्याने विनवलं, मग तो चिडला, मग जन्मात पहिल्यांदा दार आपटून गेला. हे जाऊबाईंच्या कानावर गेल्यावर त्या म्हणाल्या की उपकाराची जाण जनावरालासुद्धा असते. त्या नवऱ्यावरही बिघडल्या, कुणी सांगितलं होतं तुम्हाला नाक खाली करायला? एका कुलपाने जेवढी भांडणं झाली नव्हती तेवढी ते काढल्याने झाली.

ती मात्र शिवत होती. नाही म्हटलं तरी त्या पाण्याची भीती तिच्या पोटात बसली होती. कितीतरी दिवस सकाळी तोंड धुताना तिला डोळे मिटवत नसत. ट्यूब पलीकडच्या काठाला लागलेली कुणीतरी आणून दिली होती. तिने सीटबेल्ट काढून टाकले आणि साधे सुती पट्टे घेतले. दोन्ही खांद्यांचे आणि कमरेचा असे सगळे पट्टे छातीवर एकाच लुपात आणले आणि त्या लुपात लाकडाची एक खुंटी घातली. खुंटीला जाड दोरी. दोरी ओढली की खुंटी निघणार, खुंटी निघाली की सगळंच सुटणार, मग पट्टे कितीही ताणलेले असोत. बादली तिने पाठीवर नेणं सोडलं.

शिवलेलं पारखल्याशिवाय ती कुणाला देत नसे, मग स्वतः कशी वापरणार? वारा पडलेल्या एका सकाळी ती नवऱ्याला घेऊन बांधावर गेली. त्याच्याशी अबोला चालूच होता, तरी तो आला. तिने त्याच्या हातात दुकानातली कापड कापायची मोठी कात्री दिली, छातीभर पाण्यात उभं केलं आणि सांगितलं, मी नाही सुटले तर काप. तो म्हणाला, माझा हात थरथरतोय. ती म्हणाली, थरथरत्या हाताने काप. मास्तर पलीकडच्या दगडावर गळ टाकून बसला होता. त्याने इकडे पाहिलं नाही, पण काठी मात्र खाली ठेवली.

तिने श्वास घेतला आणि पाठीवर ट्यूब असताना पुढे झोकून दिलं. पुन्हा तोच घुमणारा आवाज, पुन्हा तोंडापुढे हिरवा अंधार. क्षणभर तिचे हात कुठे आहेत तेच तिला उमगेना. मग बोटांना दोरी लागली. ओढली. खुंटी निघाली आणि पट्टे एकदम सैल होऊन सरकले. ती वर आली तेव्हा नवरा कात्री उगारून उभा होता आणि त्याच्या चष्म्यावरून पाणी गळत होतं. ते तलावाचंच होतं असं तो नंतर म्हणाला.

"झालं," ती म्हणाली. "जा आता, कपडे बदल. सर्दी होईल."

तो गेल्यावर तिने ट्यूब सरळ केली, बैठकीत बसली, पंजे चढवले आणि पाय मारत आत निघाली. मास्तरच्या समोरून जाताना तिच्या पंजांनी पाणी ढवळलं. तो उठला, गळ गुंडाळला, मासे पळवले म्हणून तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात एक शिवी हासडली आणि डबा उचलून काठाकाठाने पुढे जाऊन बसला. तिने ट्यूब फिरवून त्याच्याकडे पाठ केली, काट्याला गांडूळ लावलं आणि गळ टाकला.